तारखेतले शतक सॉफ्टवेअरवर सोपवू नका

एक्सेलमध्ये एखाद्या कॉलमला ‘दिवस-महिना-दोन आकडी साल’ असे स्वरूप द्या आणि त्यातल्या एका सेलमध्ये ३१/३/३५ टाइप करा. भाडेकरार संपण्याची तारीख आहे असे समजा. सेलमध्ये ३१-०३-३५ दिसते आणि सगळे ठाकठीक वाटते. आता त्याच सेलचे स्वरूप बदलून ‘जनरल’ करा. एक्सेल तारीख आत दिवसांच्या संख्येने साठवते, तो अंक आता दिसेल. ४९३९९ हा आकडा आला तर साल २०३५ नोंदले गेले आहे. १२८७४ आला तर १९३५. दोन्हींत ३६५२५ दिवसांचा, म्हणजे बरोबर शंभर वर्षांचा फरक आहे आणि दोन आकडी स्वरूपात तो डोळ्यांना दिसूच शकत नाही. कसलाही इशारा येत नाही. सॉर्ट केल्यावर जो करार यादीच्या तळाशी असायला हवा तो सगळ्यात वर जाऊन बसतो. ‘मुदत संपलेले’ असा फिल्टर लावला की त्यात सापडतो. उरलेले दिवस मोजणारे सूत्र उणे तेहतीस हजारांच्या घरातला आकडा दाखवते, आणि तो कॉलम कुणी पाहिलाच नाही तर तसाच पुढच्या अहवालात जातो.

यातला कोणता आकडा येणार हे टाइप करणाऱ्याच्या हातात नसते. एक्सेल ९७ पासूनचा जाहीर नियम असा आहे: ०० ते २९ म्हणजे २००० ते २०२९ आणि ३० ते ९९ म्हणजे १९३० ते १९९९. त्याआधीच्या एक्सेल ९५ मध्ये हीच सीमा २०१९ होती. शिवाय ही सीमा विंडोजच्या ‘रीजन’ सेटिंगमधून बदलता येते. त्यामुळे एका टेबलावरच्या संगणकात ती २०२९ आणि शेजारच्या टेबलावर २०४९ असू शकते. एकाच कार्यालयात, एकाच दिवशी, एकच तारीख दोघांनी टाइप केली आणि दोन वेगळ्या शतकांत गेली, असे व्हायला कुणाची चूक लागत नाही.

म्हणून ‘शतक बदलायला अजून बराच अवकाश आहे’ हे म्हणणे मला पटत नाही. कॅलेंडरचे शतक बदलेल तेव्हा बदलेल. ज्या संगणकांवर २०२९ ही सीमा आहे त्यांचे शतक ३१ डिसेंबर २०२९ च्या मध्यरात्री बदलणार आहे. आणि जे लोक पुढच्या तारखा नोंदवतात, म्हणजे कर्जाचा शेवटचा हप्ता, विम्याची मुदत, निवृत्तीचा दिवस, भाडेपट्ट्याची अखेर, त्यांच्यासाठी ते आजच बदललेले आहे. दहा वर्षांची कुठलीही मुदत आज दोन आकडी सालाने लिहिली की ती त्या सीमेपलीकडे जाते. तारखेचे स्वरूप ठरवून देणे हे कार्यालयाच्या प्रशासनाचे काम आहे, ते लेखी नियमाने आणि संगणकाच्या सेटिंगने व्हायला हवे, आणि त्या नियमात चार आकडी सालाला एकही अपवाद नसावा.

ही परिस्थिती आली कुठून, तर वायटूकेच्या, म्हणजे २००० साल उजाडताच दोन आकडी सालाचे संगणक गोंधळतील या अडचणीच्या दुरुस्तीतून. त्या वेळी दोन मार्ग होते. एक म्हणजे साठवणुकीतले साल दोनाचे चार आकडी करणे. हा खरा उपाय, पण महाग, कारण प्रत्येक फाइलची रचना, प्रत्येक छापील नमुना, प्रत्येक प्रोग्रॅम बदलावा लागे. दुसरा म्हणजे साल दोन आकडीच ठेवायचे आणि ‘अमुक आकड्याखाली असेल तर पुढचे शतक, वर असेल तर मागचे’ असा शंभर वर्षांचा चौकटीचा नियम बसवायचा. हा स्वस्त होता आणि असंख्य ठिकाणी तोच निवडला गेला. ब्रिटिश स्टँडर्ड्स इन्स्टिट्यूशनच्या पीडी२०००-१ या दस्तऐवजात वायटूके-अनुरूपतेचे चार नियम होते. त्यातल्या तिसऱ्या नियमाने दोन्ही मार्गांना मान्यता दिली: तारखेतले शतक एकतर स्पष्ट लिहिलेले असावे, नाहीतर निःसंदिग्ध नियमाने काढता यावे.

घोळ त्या ‘नाहीतर’मध्ये आहे. प्रत्येक सॉफ्टवेअरने आपापला नियम निःसंदिग्धच ठेवला, फक्त तो दुसऱ्याशी जुळवला नाही. युनिक्सच्या वळणाच्या प्रणाली ६८ पर्यंतचे साल २०६८ पर्यंत धरतात आणि ६९ ला १९६९ म्हणतात. मायएसक्यूएल या डेटाबेसची सीमा ६९ आणि ७० च्या मध्ये आहे. एसक्यूएल सर्व्हर या दुसऱ्या डेटाबेसची मूळ सीमा २०४९. वेबसाइटच्या सुरक्षा प्रमाणपत्रांतही ५० पासून १९५० सुरू होते. जावा या प्रोग्रॅमिंग भाषेतली एक जुनी पद्धत आजच्या दिवसापासून ऐंशी वर्षे मागे आणि वीस वर्षे पुढे अशी सरकती चौकट धरते, म्हणजे तिची सीमा रोज एक दिवस पुढे जाते. ३५ हे साल एक्सेलमधून डेटाबेसमध्ये, तिथून अहवालात आणि अहवालातून पुन्हा एक्सेलमध्ये गेले, तर वाटेत किती वेळा शतक ठरवले गेले याचा हिशोब कुणाकडेच नसतो.

एवढे लांब जायचीही गरज नाही. एक्सेलचे स्वतःशीच पटत नाही. सेलमध्ये १/१/२५ टाइप केले तर २०२५ होते. पण ‘डेट’ या फंक्शनला साल म्हणून २५ दिले तर ते त्यात सरळ १९०० मिळवते आणि १९२५ देते. इंग्रजी एक्सेलमध्ये ‘एप्रिल ३०’ असे टाइप केले तर चालू वर्षातली ३० एप्रिल मिळते. ‘एप्रिल ३१’ टाइप केले तर एप्रिलला एकतीस तारीख नसल्यामुळे ३१ हे साल समजले जाते आणि २०२९ सीमेच्या संगणकावर सेलमध्ये १ एप्रिल १९३१ जाऊन बसते. वस्तूंच्या मुदतसमाप्तीचा महिना आणि साल एवढेच नोंदवणाऱ्यांनी हे एकदा स्वतः करून पाहावे.

दोन आकडी साल एखाद्या ठरावीक दिवशी कसे मोडते याची उदाहरणे समोर आहेत. स्प्लंक या लॉग तपासणाऱ्या प्रणालीच्या जुन्या आवृत्त्यांना १ जानेवारी २०२० पासून दोन आकडी सालाच्या नोंदींची वेळ ओळखता येणार नव्हती, कारण त्यांचा नमुना १९ पर्यंतच पोहोचत होता. कंपनीला आधीच दुरुस्ती पाठवावी लागली. १ जानेवारी २०२२ रोजी मायक्रोसॉफ्ट एक्सचेंज या ई-मेल प्रणालीच्या सर्व्हरवर टपाल रांगेत अडकून पडले. तिथे विषाणू तपासणाऱ्या इंजिनाची आवृत्ती साल-महिना-दिवस-क्रमांक अशी एका सलग संख्येत लिहिली जात होती आणि साल अर्थातच दोन आकडी. २१ साली जमून गेले. २२ उजाडताच संख्या २२०१०१०००१ झाली, आणि त्यासाठी राखलेल्या ३२ बिटांच्या जागेत मावणारी सर्वांत मोठी चिन्हांकित (अधिक-उणे धरणारी) संख्या आहे २१४७४८३६४७. (चार आकडी साल ठेवले असते तर ते ३२ बिटांत पहिल्याच दिवशी मावले नसते, म्हणजे चूक विकसकाच्याच टेबलावर उघडी पडली असती.)

यावर नेहमीचा आक्षेप येतो: सीमा पुढे सरकवा, २०२९ ची २०४९ करा, विषय संपला. सीमा सरकवल्याने आधी टाइप करून अंकात साठवलेल्या तारखा बदलत नाहीत हे खरे. पण मजकूर म्हणून पडून असलेल्या तारखा, सीएसव्ही फायली (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेला साधा मजकूर), मॅक्रो (आपोआप चालणाऱ्या आज्ञा) आणि आयातीचे साचे हे दर वेळी नव्याने वाचले जातात. काल १९३५ असा वाचला गेलेला ३५ उद्या २०३५ होतो. कर्मचाऱ्यांच्या जुन्या यादीत १९३५ साली जन्मलेला माणूस एका सेटिंगनिशी भविष्यात जन्माला येतो. चौकट कुठेही ठेवली तरी तिची रुंदी शंभरच वर्षे राहते. माणसे शंभरीपलीकडे जगतात. नव्व्याण्णव वर्षांचा भाडेपट्टा २०२६ मध्ये सुरू झाला तर तो २१२५ मध्ये संपतो, आणि ते साल दोन आकड्यांत लिहिले तर २५ होते, म्हणजे करार सुरू होण्याच्या आधीच संपलेला. कुठलीही सीमा यातून मार्ग काढू शकत नाही.

दुसरा आक्षेप वेळेचा: चार आकडे टाइप करायला वेळ लागतो. दिवसाला पाचशे तारखा भरणाऱ्याला हजार कळा जास्त दाबाव्या लागतात. सेकंदाला तीन कळा धरल्या तरी पाच-सहा मिनिटे. एका चुकीच्या शतकाचा माग काढण्यात एक दुपार जाते.

साल चार आकडी झाले म्हणजे सगळे झाले असे नाही. दिवस आधी की महिना आधी, हा गोंधळ शिल्लक राहतोच. दिवस आधी लिहिलेली फाइल, महिना आधी मानणाऱ्या संगणकावर उघडली की तारखांचे दोन गट पडतात. ज्यात दिवस १३ ते ३१ आहे त्या तारखा होतच नाहीत. त्या मजकूर म्हणून सेलच्या डाव्या कडेला चिकटतात आणि निदान दिसतात तरी. ज्यात दिवस १ ते १२ आहे त्या मुकाट्याने उलटतात. वर्षात अशा १४४ तारखा. त्यातल्या १२ मध्ये दिवस आणि महिना एकच असल्याने फरक पडत नाही. उरलेल्या १३२ दिवसांच्या नोंदी चुकीच्या महिन्यात जातात. डावीकडे सरकलेल्या तारखा पाहून कर्मचारी त्याच तेवढ्या दुरुस्त करतो, आणि न सरकलेल्या १३२ कायमच्या आत राहतात. हा प्रकार मला शतकाच्या चुकीहून जास्त धोक्याचा वाटतो, कारण १९३५ निदान विचित्र दिसते. ३ एप्रिलची ४ मार्च झालेली कुणालाच विचित्र वाटत नाही.

मग स्वरूप कोणते? माझे उत्तर दोन स्वरूपे, आणि तिसरे चालायचे नाही. संगणकाने संगणकाला द्यायच्या सगळ्या गोष्टींत, म्हणजे फाइलची नावे, सीएसव्ही, आयात-निर्यात, डेटाबेस यांत, साल-महिना-दिवस: २०३५-०३-३१. आयएसओ ८६०१ या मानकाचे हे स्वरूप. ते चढत्या क्रमाने आपोआप लागते आणि कुठल्याही प्रादेशिक सेटिंगवर त्याचा अर्थ बदलत नाही. माणसाने वाचायच्या कागदात महिना अक्षरांत: ३१ मार्च २०३५. तिरप्या रेघांची तीन आकड्यांची तारीख दोन्हीकडून बाद. सामान्य वाचकाला साल-महिना-दिवस हा क्रम परका वाटतो हे मला मान्य आहे, म्हणूनच पत्रात आणि पावतीत तो नको. आयएसओच्या या मानकातही १९८८ पासून दोन आकडी सालाची मुभा होती. वायटूके उलटून गेल्यावर, २००४ च्या आवृत्तीत ती काढली गेली. तज्ज्ञांच्या समितीलाही ही सवय सोडायला सोळा वर्षे लागली, तर कार्यालयाला लेखी आदेश लागला यात नवल नाही.

इथे एक गैरसमज मोडायला हवा. ‘स्वरूप म्हणजे नुसते दिसणे, आत तर तारीख बरोबरच असते’ असे संगणकाचे जाणकारसुद्धा सांगतात. एक्सेलच्या स्वतःच्या फाइलपुरते ते बरोबर आहे. पण फाइल सीएसव्ही म्हणून साठवली की एक्सेल आतला अंक लिहीत नाही, पडद्यावर दिसते तसे लिहिते. म्हणजे तुम्ही ३१/३/२०३५ असे पूर्ण, अचूक टाइप केले, कॉलमचे स्वरूप दोन आकडी होते, सीएसव्ही काढली, बंद केली आणि परत उघडली, तर २०२९ सीमेच्या संगणकावर ती १९३५ झालेली असते. टाइप करणाऱ्याने नियम पाळला आणि स्वरूपाने शतक खाल्ले. म्हणून ‘कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण द्या’ हा उपाय म्हणजे आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी.

सेटिंगची सुरुवात विंडोजपासून. ‘रीजन’मध्ये ‘ॲडिशनल सेटिंग्ज’, तिथे ‘डेट’ टॅब. ‘शॉर्ट डेट’मध्ये चार वेळा वाय, हायफन, दोन वेळा कॅपिटल एम, हायफन, दोन वेळा डी. एक्सेलच्या तारखांच्या यादीत ज्या स्वरूपांपुढे तारका असते ती या सेटिंगवर चालतात, म्हणून इथे एकदा ठरवले की बरेचसे काम होते. याच खिडकीत दोन आकडी सालाची सीमाही असते. ती सगळ्या संगणकांवर एकच ठेवा. हे सेटिंग वापरकर्त्यागणिक वेगळे असते, म्हणून हाताने करत बसू नये. ग्रुप पॉलिसीमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकांना एकाच जागेवरून सेटिंग लावण्याच्या सोयीत, त्यासाठी नोंद आहे आणि तिचे नाव अजून ‘सेंच्युरी इंटरप्रिटेशन फॉर इयर २०००’ असेच आहे. लिब्रेऑफिसमध्ये ही सीमा ‘टूल्स’, ‘ऑप्शन्स’, ‘जनरल’ इथे स्वतंत्र असते. विंडोजमध्ये बदलली म्हणून तिथे बदलली असे धरू नका. ॲक्सेस या डेटाबेस प्रोग्रॅममध्ये चार आकडी साल सक्तीने दाखवण्याचा पर्याय आहे, तो सर्व डेटाबेससाठी चालू करावा.

एक्सेलच्या साच्यात तारखेच्या कॉलमला कंट्रोल-१ दाबून ‘कस्टम’मध्ये तेच साल-महिना-दिवसाचे स्वरूप द्यावे. तारका असलेले नको, कारण फाइल बाहेर गेली की ते समोरच्या संगणकाप्रमाणे बदलते. मग ‘डेटा व्हॅलिडेशन’, म्हणजे सेलमध्ये काय चालेल याचे बंधन. करार संपण्याच्या कॉलमला २००० ते २०९९ ही मर्यादा घातली की १९३५ आत येतच नाही. भाडेपट्टा त्याहून लांबचा असेल तर वरची मर्यादा वाढवा, खालची हलवू नका. जन्मतारखेला मात्र हे अर्धेच उपयोगी आहे. १९०० ते आज अशी मर्यादा असताना १९१५ साठी कुणी १५ लिहिले तर २०१५ होते आणि तपासणीत पास होते. एक्सेलमध्ये तारखेच्या सेलला ‘चारच आकडे टाइप करा’ अशी सक्ती करता येत नाही, कारण तपासणीपर्यंत पोहोचतो तो तयार झालेला अंक. जिथे शतकाची चूक परवडणारच नाही तिथे दिवस, महिना, साल असे तीन कॉलम करावेत, साल १९०० ते २०९९ मधली पूर्ण संख्याच असावी असे बंधन घालावे आणि चौथ्या कॉलममध्ये ‘डेट’ फंक्शनने तारीख बनवावी. तिथे ३५ लिहिले की सेल नकार देतो. जन्मतारीख भविष्यातली नाही ना, हे चौथ्या कॉलमच्या सूत्राने वेगळे तपासावे. हे दिसायला गावठी आहे, पण याहून भरवशाचे दुसरे काही त्या प्रोग्रॅममध्ये नाही. लक्षात ठेवायचे ते एवढेच की पेस्ट केलेला मजकूर ही तपासणी ओलांडून आत येतो. त्यासाठी आठवड्यातून एकदा ‘सर्कल इनव्हॅलिड डेटा’ (बंधनाबाहेरच्या सेलभोवती गोल काढणारी आज्ञा) चालवावे.

सीएसव्हीवर डबल-क्लिक करून ती उघडण्याची सवय मोडली पाहिजे. ‘टेक्स्ट टू कॉलम्स’च्या तिसऱ्या पायरीत तारखेचा क्रम सांगता येतो, एक्सेलमधल्या पॉवर क्वेरी या आयातीच्या साधनात ‘युजिंग लोकेल’ने सांगता येतो. दोन्हीकडे क्रम माणूस सांगतो, संगणक अंदाज करत नाही.

वर्डमध्ये दोनच गोष्टी पाहायच्या. पत्रातली तारीख ‘आपोआप अद्ययावत करा’ अशी घातली असेल तर तीन वर्षांनी उघडलेल्या पत्रावर त्या दिवसाची तारीख येते. दफ्तरी पत्रात ती बंदच हवी. आणि मेल मर्जमध्ये, म्हणजे यादीवरून एकाच नमुन्याची अनेक पत्रे काढताना, एक्सेलमधली तारीख बऱ्याचदा महिना-दिवस अशा क्रमाने येते, सेलचे स्वरूप काहीही असो. मर्ज फील्डमध्येच तारखेचे स्वरूप लिहावे लागते. तिथे महिन्याचा एम कॅपिटल हवा, छोट्या एमने मिनिटे छापली जातात.

जुन्या नोंदी तपासताना शेजारी एक कॉलम घेऊन ‘इयर’ फंक्शनने साल काढा आणि सालागणिक किती नोंदी आहेत ते मोजा. मुदतीच्या कॉलममध्ये १९३० ते १९४९ सापडले तर तारखेत महिने मिळवणाऱ्या ‘ईडेट’ फंक्शनला १२०० महिने देऊन नवी तारीख काढता येते. १९०० हे साल सापडले तर बहुधा रिकाम्या सेलचा शून्य आहे. सगळ्या तारखा एकसारख्या चार वर्षे आणि एका दिवसाने हललेल्या असतील, म्हणजे १४६२ दिवस, तर शतकाचा संबंध नाही. मॅकवरची १९०४ पासून मोजणारी फाइल कुठेतरी मिसळली आहे. जन्मतारखांच्या कॉलमवर हे १२०० महिन्यांचे सूत्र कधीही सरसकट चालवू नये, तिथे प्रत्येक नोंद मूळ कागदाशी ताडावी लागते.

दोन आकडी सालाच्या जुन्या सीएसव्ही फायलींतले शतक मात्र गेलेले आहे, ते कुठल्याही सूत्राने परत येत नाही. त्या उघडून, नीट करून पुन्हा साठवण्याच्या भानगडीत पडू नये. आहेत तशा वेगळ्या फोल्डरमध्ये केवळ वाचनासाठी ठेवाव्यात आणि सोबत एक छोटी मजकूर-फाइल असावी: फाइल कोणत्या सॉफ्टवेअरमधून निघाली, तेव्हा दोन आकडी सालाची सीमा कोणती होती, आणि दिवस आधी आहे की महिना.